गळती: थांबली, कमी झाली की तशीच?

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून नोंदी ठेवणार. स्मरणशक्ती हे विश्वासार्ह साधन नाही. भावना लिहायच्या नाहीत. त्यांचं एकक ठरलेलं नाही.

आज नितीनभाईंनी (आमच्या संस्थेचे संचालक) केबिनमध्ये बोलावून, पल्लवीबेन, हे तुम्हीच बघा, म्हणत काम दिलं. सुरतेच्या उधना-भेस्तान पट्ट्यातल्या मराठी शाळांतली मुलं मधेच शाळा सोडतात. ते थांबवण्यासाठी ट्रस्ट पुढच्या वर्षी एकाच कार्यक्रमाला पैसे देणार आहे. उमेदवार दोन. पहिला, प्रमिलाबाईंची 'हाक', तीन वर्षं चालू: चार बायका सकाळी गल्लोगल्ली फिरतात, शाळेत न येणाऱ्या मुलांना दारात उभं राहून नावानं हाका मारतात आणि सोबत घेऊन जातात. दुसरा, बंगळुरूच्या एका कंपनीचं ॲप: कोणतं मूल शाळा सोडणार ते आधीच ओळखतं आणि पालकांच्या मोबाइलवर सूचना पाठवतं. मी संशोधन तपासायचं, इथल्या शाळांची माहिती घ्यायची आणि दोन्हींपैकी कोणता ठेवायचा ते लिहून द्यायचं. मी लिहीन त्यावर ट्रस्टी सही करतील.

ऑफिसात संख्याशास्त्राची एम.एस्सी. मी एकटीच. रिपोर्ट चांगला झाला तर संस्थेत 'पुरावा कक्ष' काढू, असं नितीनभाई म्हणाले. प्रमुख कोण ते म्हणाले नाहीत. दुसरं कोणी नाही, तेव्हा ते गृहीत.

वैयक्तिक संकल्प. सकाळी साडेपाचला उठून चालणं. कार्यकारणभावावरचा ऑनलाइन कोर्स पूर्ण करणं. तो तिसऱ्या भागावर थांबला आहे, सोडलेला नाही. पीएच.डी.चा प्रस्ताव पुन्हा उघडणं. तोही सोडलेला नाही, स्थगित आहे. आणि आईशी ऑफिसच्या कामाबद्दल बोलायचं नाही. ती आणि प्रमिलाबाई दोघी अमळनेरकडच्या, एकाच भजनी मंडळात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चालायला गेले नाही. थंडी. सुरतेत नोव्हेंबरात कसली थंडी, असं आई म्हणाली. तिनं तापमान मोजलेलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शोधनिबंध एकसष्ट उतरवले. चाळणी कडक ठेवली: तुलनेला दुसरा गट हवा, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले हवेत, आणि अभ्यासात घेतलेली मुलं शेवटपर्यंत अभ्यासात हवीत. शेवटच्या अटीवर बहुतेक पडले. शाळा सोडणाऱ्या मुलांवरचे अभ्यास, आणि त्यातून मुलंच निघून जातात. संशोधकांची ही शिस्त.

चार उरले. त्यांतले दोन अशा गावांतले, जिथे बर्फ पडला की शाळेला सुट्टी देतात. एकात प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक दिला होता आणि तो आठवड्यातून एकदा मुलाला गाडीतून फिरायला नेई. निष्कर्ष भक्कम. उधन्याला लागू करताना बर्फाच्या आणि गाडीच्या जागी काय धरायचं, ते बघायचं आहे.

आईनं विचारलं, सारखं काय वाचतेस. मुलं शाळा का सोडतात ते, असं अनवधानानं सांगून गेले. मग गॅलरीत बस, समोरच दिसतात, असं म्हणून ती भाजी निवडायला लागली. निरीक्षण नोंदवलं. तुलनागट नाही, त्यामुळे पुराव्याचा वर्ग 'ड', सगळ्यांत खालचा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्रमिलाबाई ऑफिसात आल्या. आधी आवाज आला, मग त्या. वॉचमनला त्याच्या मुलाचा निकाल विचारला, नितीनभाईंना बारीक झालात म्हणाल्या, आणि माझ्यासमोर बसून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला. हितसंबंधांचा प्रश्न येतो म्हणून मी लाडू नाकारला. नंतर एक खाल्ला. त्या निघून गेल्यावर.

आकडे मागितले. 'हाक'मुळे किती मुलं परत आली? सगळी. सगळी म्हणजे किती? सगळी म्हणजे सगळी, एक-दोन सोडून. ती एक-दोन नक्की किती? पाच-सात असतील. मी पेन खाली ठेवलं.

मग त्यांना समजावलं. तुम्ही हाक मारली आणि मूल आलं, यावरून हाकेमुळे आलं हे सिद्ध होत नाही. ते तसंही आलं असतं. खरं कळायचं तर नाणं उडवून अर्ध्या गल्ल्या निवडायच्या आणि तिथे वर्षभर हाक मारायची नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग कोणत्या गल्ल्या सोडायच्या ते मीच सांगावं म्हणाल्या. आणि त्या गल्लीतल्या आया विचारायला आल्या तर नाणं उलटं पडलं असं सांगायलाही मीच यावं. त्यांच्या बाजूनं हा नकार समजायचा. सहकार्याचा अभाव, अशी नोंद केली.

नंतर ॲपच्या कंपनीशी व्हिडिओ कॉल. तिथला मुलगा माझ्याच वयाचा. अचूकता विचारली. ब्याण्णव टक्के, असं तो एका दमात म्हणाला. कुठल्या मुलांवर तपासली विचारलं, तर पाठवतो म्हणाला. तरी फरक स्पष्ट आहे. एकाकडे आकडा आहे, दुसरीकडे लाडू.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शाळांसाठी फॉर्म तयार केला. मोबाइलवर, मराठीत, सगळे प्रश्न पर्यायी. मुख्याध्यापकाला फक्त टिचकी मारायची आहे. गळती आहे का. किरकोळ, मध्यम की गंभीर. कोणत्या वर्गात. कोणत्या ऋतूत वाढते. उपाय कोणता केला: बाहेरच्या संस्थेकडून, शाळेच्या पातळीवर तात्पुरता, की काहीच नाही. उपायानंतर गळती थांबली, कमी झाली की तशीच.

नितीनभाईंनी दोन सूचना केल्या. 'गळती'च्या आधी 'विद्यार्थ्यांची' लिहावं, आणि शेवटी शेरा लिहायला एक रकाना द्यावा. दोन्ही फेटाळल्या. 'विद्यार्थ्यांची' घातलं की मोबाइलवर प्रश्न दुसऱ्या ओळीत जातो. शिक्षण खात्याच्या प्रत्येक मराठी अहवालात गळती म्हणजे गळतीच. शाळेत दुसरं काय गळणार. आणि शेऱ्याचा रकाना दिला की लोक लिहायला लागतात.

३ डिसेंबर, बुधवार

यादीतल्या चौतीस शाळांकडून चौतीस उत्तरं. नितीनभाईंचा विश्वास बसेना. हे मुख्याध्यापक बदलीच्या कागदाशिवाय कशालाच उत्तर देत नाहीत, असं ते म्हणाले. प्रश्नावली नीट रचली की लोक उत्तर देतात, असं मी म्हटलं. नम्रपणे.

बरेच जण फोनही करत आहेत. बघायला माणसं कधी येणार, असं एकानं विचारलं. निर्णय जानेवारीत, असं सांगितलं. पावसाच्या आत व्हायला हवं, असा त्याचा आग्रह. गंभीर माणूस. तिघांनी विचारलं, फोटो पाठवू का. मुलांची ओळख उघड करणं नियमात बसत नाही, असं तिघांनाही लेखी कळवलं. त्यावर कोणाचंच उत्तर आलं नाही. विषयाची संवेदनशीलता त्यांच्या लक्षात आली असावी.

कोर्स: तिसरा भाग. पहिली पाच मिनिटं पुन्हा पाहिली.

८ डिसेंबर, सोमवार

विश्लेषण झालं. निष्कर्ष एवढे स्वच्छ की मी दोनदा तपासले.

गळती पावसाळ्यात होते. जवळपास सगळीच. चलथाणकडे ऊसतोडीला कुटुंबं दिवाळीनंतर जातात आणि मुलं तेव्हा सुटतात, असं इथे शिक्षकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे सांगतात. माझ्या आकड्यांत दिवाळीनंतरची गळती नगण्य आहे. इतकी वर्षं लोक ऊसतोडीला दोष देत बसले. कोणी मोजलंच नाही.

सर्वांत जास्त गळती सातवी-आठवीत. हे जगभरच्या संशोधनाशी जुळतं. काही शाळांनी 'इतर' वर निशाणी केली आहे. इतर म्हणजे कोणता वर्ग, ते कळायला मार्ग नाही. शेऱ्याचा रकाना मी काढला होता. योग्यच केलं.

आणि मुख्य गोष्ट. जिथे बाहेरच्या संस्थेकडून उपाय झाला, तिथे एक शाळा वगळता सगळीकडे गळती 'थांबली'. कमी झाली नव्हे. थांबली. चारही परदेशी अभ्यासांत एवढा परिणाम कुठेच नाही. जिथे शाळेच्या पातळीवर तात्पुरता उपाय झाला, तिथे 'तशीच'.

बाहेरची संस्था म्हणजे ॲप. तात्पुरता उपाय म्हणजे 'हाक'. हे मी म्हणत नाही, आकडे म्हणतात.

नितीनभाईंनी विचारलं, ॲप तर अजून सुरूच झालेलं नाही, मग ही बाहेरची संस्था कोणती. त्या प्रकारची कोणतीतरी, असं मी म्हटलं. वर्ग म्हणून बघायचं असतं, व्यक्ती म्हणून नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आईनं नाक दाबून भेस्तानला पाठवलं. म्हणजे प्रमिलाबाईंना आधीच हो सांगून ठेवलं होतं. ज्या कामाचा निकाल तू लावणार ते एकदा डोळ्यांनी बघ, एवढंच तिचं म्हणणं. मी डोळ्यांच्या मर्यादा समजावल्या. मग गेले.

सरकारी वसाहत, चार मजली इमारती. प्रमिलाबाई खाली चौकात उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि वर बघून हाक मारली. आठवीतली हर्षदा दिवाळीला गावी गेली ती परत आल्यापासून आपणहून शाळेत जात नाही. आईसोबत साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसते. पहिल्या हाकेला कोणी आलं नाही. दुसऱ्या हाकेला समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तिसरी हाक मी शब्दशः, अहिराणीतच, उतरवून घेतली: "हर्षदा वो, खाले ये. तुनी जागा मी राखी ठेयेल शे."

मुलगी खाली आली. केस अर्धवट विंचरलेले, बोटांना डिंक, कान लाल. वरून तिची आई म्हणाली की आज पार्सल द्यायचं आहे, पोरगी लागते. प्रमिलाबाईंनी खालूनच विचारलं, चार टिकल्या कमी चिकटल्या तर साडी गळून पडते का. खिडक्यांमध्ये हशा. मुलीची आईही हसली आणि आत गेली.

निरीक्षणं. पद्धत मुळात लाज वाटायला लावण्याची. मात्रा प्रमाणित नाही: हर्षदाला तीन हाका, पुढच्या मुलाला सात आणि शिवाय एक शिवी. एका दारात अर्धा तास हाका मारल्या, ते कुटुंब दोन महिन्यांपूर्वीच घर सोडून गेलं होतं. आणखी एक मुलगा तापानं फणफणलेला निघाला. त्याच्या आईनं प्रमिलाबाईंना चांगलंच सुनावलं, तर त्या तिथेच बसून चहा पिऊन आल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परिणाम टिकत नाही. हर्षदाला काल बोलावलं होतं, परवाही. रोज हाक मारावी लागते.

घरी आल्यावर हा मुद्दा आईला सांगितला. ती म्हणाली की तिची बीपीची गोळीपण रोज घ्यावी लागते. विषयांतर.

२२ डिसेंबर, सोमवार

रिपोर्ट पूर्ण. शिफारस: 'हाक' मार्चअखेर बंद करावी, निधी ॲपकडे वळवावा. भाषा संयत ठेवली आहे. 'बंद' ऐवजी 'टप्प्याटप्प्यानं विराम' लिहिलं.

चालणं: नव्या वर्षापासून. मधेच सुरू केलं तर नोंदी अर्धवट राहतात.

१ जानेवारी, गुरुवार

नवं वर्ष गुरुवारी सुरू होतं, ही गैरसोय. सोमवारपासून.

१० जानेवारी, शनिवार

सादरीकरण. ट्रस्टी हजर. ते साड्यांचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणतात; बोलणं कमी, मोबाइल दोन. पावसाळ्यातल्या गळतीचा आलेख दाखवला तेव्हा त्यांनी दोन्ही मोबाइल उलटे ठेवले. हे पहिल्यांदाच घडलं, असं नितीनभाई नंतर म्हणाले. शेठनी एकच विचारलं: पोरं पावसाळ्यातच कशी जातात? मी म्हटलं, कारण शोधणं हा पुढचा टप्पा. त्यासाठीच पुरावा कक्ष लागेल. त्यांनी मान हलवली. एकोणीस तारखेला, सोमवारी, सही करू.

मागच्या खुर्चीवर प्रमिलाबाई होत्या, त्यांच्या तिघी सोबतिणींसह. शेवटी त्यांनी हात वर करून विचारलं, पडद्यावर 'तात्पुरता उपाय' म्हणून लाल पट्टी आहे ती काय. मी सांगितलं, ती 'हाक'.

त्यांनी पट्टीकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "मी तात्पुरती?"

आवाज वर गेला नाही. नेहमीपेक्षा कमीच होता. चौघी चहा न घेता गेल्या. त्यांनी आणलेला लाडवांचा डबा टेबलावर राहिला. तो परत करायची जबाबदारी कोणाची, हे अस्पष्ट आहे.

१४ जानेवारी, बुधवार

उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत. सकाळपासून आमच्या बिल्डिंगच्या धाब्यावर (म्हणजे गच्चीवर) सगळी सोसायटी, स्पीकर, मांजा, उंधियू. मी कामाचा थकवा म्हणून थोडाच वेळ जाणार होते.

दुसऱ्या मजल्यावरचे पांडुरंग सर भेटले. ते पलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक. माझ्या चौतीसमधले एक. हातात चिक्की, डोळ्यांवर गॉगल. फॉर्म फार छान होता म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी नेमकं विचारलं. मी आभार मानले. मग त्यांनी खांद्याला धरून मला कठड्यापाशी नेलं आणि शाळेच्या स्लॅबकडे बोट दाखवलं. स्लॅबवर काळेकुट्ट चौकोन होते.

"हे बघा, बाहेरच्या एजन्सीकडून डांबर मारून घेतलं. एक थेंब नाही गळला," असं ते म्हणाले. आधी शाळेच्या पातळीवर तात्पुरता उपाय केला होता, प्लॅस्टिक टाकून. काही उपयोग नाही. तशीच. सातवी-आठवीचे वर्ग वरच्या मजल्यावर, त्यामुळे सगळं पाणी तिकडेच. काही शाळांत तर जिन्यात गळतं, पण जिन्याला वर्ग कुठला लिहायचा, म्हणून फोन करून विचारणाऱ्या मुख्याध्यापकांना सरांनी 'इतर' करायला सांगितलं. महापालिकेला दर वर्षी हीच माहिती द्यावी लागते, तेव्हा सगळ्यांना प्रश्न पाठच होते.

मी विचारलं, आणि मुलांची गळती?

सरांनी गॉगल काढला. मुलांचं कुठे विचारलं होतं, असं म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. चिक्की तोंडात होती म्हणून त्यांना ठसका लागला. त्यांना पाणी देणाऱ्या काकूंनी काय झालं विचारलं, त्यांना सरांनी सांगितलं, काकूंनी काकांना. वारा चांगला होता. संध्याकाळपर्यंत बाजूच्या धाब्यावरून कोणीतरी ओरडलं, आमच्याकडेपण गळती आहे, पल्लवीबेनला पाठवा.

उंधियू खाल्लं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

शांतपणे विचार केला. निष्कर्ष चुकीचे नाहीत. गळती पावसाळ्यात होते, हे खरं आहे. बाहेरच्या एजन्सीनं डांबर मारलं की थांबते, हेही खरं. माझ्या पद्धतीत दोष नाही. दोष मराठी भाषेत आहे, जिनं एकाच शब्दावर दोन कामं टाकली. शिवाय ज्या वर्गात डोक्यावर पाणी पडतं तिथून मूल जाणारच. हा धागा पुढे नेता येईल.

१६ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसला गेले नाही. घसा. नितीनभाईंना मेसेज केला की घरून रिपोर्ट अधिक मजबूत करते आहे. त्यांना अजून काही कळलेलं दिसत नाही. ते पार वराछाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात.

प्रश्न एवढाच की सोमवारी सही आहे. मी काहीच बोलले नाही तर 'हाक' बंद होईल आणि ॲप येईल. बोलले तर पुरावा कक्ष जाईल. पण ॲप वाईट आहे असंही सिद्ध झालेलं नाही. आणि 'हाक' चांगली आहे असंही नाही. पुराव्याअभावी स्थिती जैसे थे ठेवणं शास्त्रीय. माझी स्थिती म्हणजे पलंगावर.

१८ जानेवारी, रविवार

आईनं दार उघडून विचारलं, उद्या जाणार ना. मी म्हटलं, घसा. तिनं घसा बघितला. टॉर्च लावून. दार बंद केलं. मग तिचा फोनवर बोलण्याचा आवाज आला, अहिराणीत, म्हणजे अमळनेरकडच्या कोणाशीतरी.

उद्या न जाण्याचा निर्णय पक्का. ही गळती नव्हे. नियोजित विराम.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी, अजून अंथरुणात असताना, खालून हाक आली.

"पल्लवी वो, खाले ये."

मी पांघरूण डोक्यावर घेतलं. दुसऱ्या हाकेला समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. न बघता कळतं, त्यांच्या बिजागऱ्या वाजतात. पांडुरंग सर गॅलरीत येऊन खोकले. मी गॅलरीतून खाली बघितलं. प्रमिलाबाई एकट्याच नव्हत्या, चौघी होत्या, आणि भेस्तानहून रिक्षानं आल्या होत्या. मी हातानं खुणावलं की घसा बसला आहे. त्यावर त्यांनी अख्ख्या सोसायटीला विचारलं की हात हलवायला घसा कसाले लागस.

मी म्हटलं, मावशी, वर या, बसून बोलू. खाली ये, असं त्या म्हणाल्या. वर बसून बोललं की तू मला बोलण्यात हरवशील. मग तिसरी हाक. ती मोठ्यानं नव्हती, पण तोवर सगळे इतके गप्प होते की नीट ऐकू आली.

"चूक व्हयनी ते व्हयनी. आते चाल. मी शे ना संगे."

केस विंचरायला वेळ मिळाला नाही.

शेठ येऊन बसले होते, पेन बाहेर. मी उभं राहून सांगितलं की सर्वेक्षण छपरांचं झालं आहे. मुलांची गळती मोजलेली नाही. ऊसतोडीबद्दल लोक काय म्हणतात ते चूक ठरलेलं नाही. 'हाक' आणि लाल पट्टी यांचा एकमेकींशी संबंध नाही. नितीनभाईंनी डोळे मिटून घेतले. शेठ बराच वेळ हसले. आवाज न करता, फक्त खांदे. मग म्हणाले की आलेख पाहून त्यांना वाटलंच होतं, हे त्यांच्या गोडाउनसारखं काहीतरी दिसतंय.

मग त्यांनी विचारलं की 'हाक' चालते याला आता कोणाकडे काही पुरावा आहे का. मी म्हणणार होते, नाही.

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही कशी उनी, ते विचारा हिले."

मी कशी आले ते सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं.

निर्णय: ॲप तूर्त नाही. 'हाक' पुढचं वर्षभर. जिथे अजून गळतं त्या शाळांच्या स्लॅबचं शेठ वेगळं बघतील. आपल्या नावाची पाटी कुठे लावायची विचारत होते, कारण स्लॅबवर ती फक्त पतंगवाल्यांना दिसेल. पुरावा कक्षाचा विषय निघाला नाही. मी काढला नाही. 'हाक'च्या नीट नोंदी ठेवायला माणूस हवा, तो सकाळी त्यांच्याबरोबर फिरेल, असं ठरलं. माणूस कोण ते कोणी म्हणालं नाही. दुसरं कोणी नव्हतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

साडेपाचला उठणं आणि चालणं, दोन आठवडे, एकही खंड नाही. इच्छाशक्ती ही सवयीनं वाढते, हे दिसून आलं.

नोंदी नव्या पद्धतीनं घेते आहे. शेऱ्याचा रकाना ठेवला आहे. हर्षदा दोन दिवसांपासून पहिल्याच हाकेला येते, तीही केस विंचरून. माझ्याकडे बघून हसली. कारण अज्ञात.

प्रमिलाबाई रोज पहाटे रिक्षा आमच्या बिल्डिंगखाली थांबवून मला हाक मारतात. हे अनावश्यक आहे. मी तशीही उठलेच असते. त्यांना तसं सांगितलं आणि सुचवलं की उद्या एक दिवस हाक न मारता बघू. मी आपली आपण भेस्तानला पोचते. तुलनेसाठी एवढं हवंच. त्या लगेच तयार झाल्या. गल्ल्यांच्या वेळी इतका वाद घातला होता. शास्त्रीय दृष्टी हळूहळू रुजते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हाक नाही. जाग आली साडेआठला.

हर्षदा शाळेत गेली. जाताना, ती बेन आज का नाही आली, असं विचारत होती म्हणे. प्रमिलाबाईंनी तिला सांगितलं, नाणं उलटं पडलं.

एका दिवसावरून निष्कर्ष काढता येत नाही. उद्यापासून हाक पूर्ववत चालू ठेवावी, असं प्रमिलाबाईंना फोन करून कळवलं. लाडवांचा डबा घेऊन जाणार आहे. रिकामा आहे.